तलावातले मासे वर का येतात

आचल मारबतेच्या पत्राला सोमाजी बोरकुटे यांनी उत्तर दिलं नव्हतं. ही गोष्ट त्यांना रोज एकदा तरी आठवे, आणि तीही नको त्या वेळी. भाताचा पहिला घास तोंडात घालताना, नाहीतर चपलेत पाय सरकवताना. मग घास तोंडात तसाच राही किंवा चप्पल उलटी घातली जाई.

पत्र आलं त्याला वर्ष उलटून गेलं होतं. तेव्हा चंद्रपूरच्या एका छोट्या साप्ताहिकात बोरकुटेसर मुलांच्या विज्ञानाच्या प्रश्नांना उत्तरं देत. पोंभुर्ण्याच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर माणसांशी बोलण्याची वेळ येऊ नये आणि तरी थोडं शिकवणं सुरू राहावं, म्हणून त्यांनी ही सोय शोधली होती. पत्रं फार येत नसत. एखादा आठवडा कोराच गेला की सर स्वतःच प्रश्न तयार करत आणि खाली 'एक जिज्ञासू विद्यार्थी' असं लिहून टाकत.

आचलचं पत्र मात्र खरं होतं. वहीच्या रेघांच्या पानावर, निळ्या शाईत.

'आदरणीय सर, मी चेक कोसंबीला राहते. नववीत आहे. आम्ही ढिवर आहोत, आमचे बाबा तलावात मासे धरतात. आमच्या तलावातले मासे कधीकधी पहाटे वर येतात आणि तोंड उघडतात, मिटतात. ऊन चढलं की खाली जातात. बाबा म्हणतात त्यांना भूक लागते. मला तसं वाटत नाही. सर, तुम्ही उत्तर सांगू नका. ते मी शोधीन. पण आमच्या शाळेत प्रयोगशाळा नाही, तर कसं शोधू ते सांगा.'

'उत्तर सांगू नका' या तीन शब्दांपाशी सर अडले. जन्मभर त्यांनी उत्तरंच सांगितली होती. पाण्यात विरघळलेला प्राणवायू पहाटे कमी होतो, हे ते फळ्यावर डोळे मिटून लिहू शकले असते. पण खेड्यातल्या पोरीनं ते हाती काही नसताना शोधावं कसं? पहिला मसुदा पाठ्यपुस्तकासारखा झाला. दुसऱ्यात त्यांनी अशी रसायनं सुचवली, जी पोंभुर्ण्याच्या शाळेतसुद्धा बाटलीच्या चिठ्ठीपुरतीच होती. तिसरा लिहिता लिहिता त्यांच्या मनात आलं, आपण स्वतः पहाटे कुठल्या तलावावर कधी उभे राहिलो होतो का? नव्हतो. मग कुणाला काय सांगणार? पेन मिटलं. नंतर साप्ताहिक बंद पडलं. नंतर इतका उशीर झाला की उशिराबद्दलच एक वेगळं पत्र लिहावं लागलं असतं.

जून संपत आला होता. आभाळ भरून यायचं, दिवसभर डोक्यावर बसायचं आणि न पडताच निघून जायचं. शेतकरी धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकून वर बघत होते. आठवडी बाजारात सर पिशवी घेऊन मासळीच्या ओळीशी आले. भाव करायला त्यांना लाज वाटे, म्हणून ते नेहमी सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडून घेत. ती सांगेल ते देऊन मोकळे.

आज त्या जागी दुसरीच बाई होती. टोपलीत पाच-सहा बारके मासे.

"एवढेच?" सर म्हणाले.

"एवढेच म्हून काऊन हिणवता, भाऊ? तरावातली मासोरी मेली आमची. सकारी पाहतो तं पांढरं पोट वर करून पडली. टोपल्या भरभरून गाडली."

"कुठला तलाव?"

"चेक कोसंबी."

सरांच्या हातातली पिशवी खाली आली. "तिथं आचल मारबते म्हणून..."

"मायी नात हाय थे. मी चंदाबाई. तुमी कसे वरखता तिले?"

"शिकते ना? दहावी झाली असेल."

"पास झाली नं. चांगल्या मार्कानं झाली. पन आता पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली तिनं. दिवसभर तरावाच्या पाळीवर बसून राह्यते. कोनाशी बोलत नाई, का हासत नाई." चंदाबाईनं मासे पानात गुंडाळले. "घेता का नाई? का नुसतंच विचारता?"

सरांनी मासे घेतले आणि तिथंच विसरले. संध्याकाळच्या बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कोणालाही न विचारता, काहीही न ठरवता चेक कोसंबीचं तिकीट काढलं आहे. आयुष्यात असं त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं. पुढच्या फाट्यावर उतरावं आणि परत फिरावं, असा विचार तीनदा आला. पण उतरायचं तर कंडक्टरला गाडी थांबवायला सांगावं लागलं असतं, आणि तेवढा धीर त्यांच्यात नव्हता. म्हणून ते पोचले.

पुस्तकं बांधून माळ्यावर. आपण एक पान लिहिलं नाही म्हणून. दुसरं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं.

मारबत्यांचं घर तलावाच्या पाळीला लागूनच होतं. अंगणात जाळं पसरून आचलचा बाप लटारू ते सांधत बसला होता.

"मी बोरकुटे," सर म्हणाले. "पोंभुर्ण्याचा. विज्ञान शिकवत होतो."

लटारूनं मान वर केली. "थे चिठ्ठीवाले सर का जी?"

सर चप्पल काढू लागले. तेवढ्यात शेजारच्या कुडाआडून एका पोरीनं डोकं काढलं आणि पाळीच्या दिशेनं जोरात हाक दिली, "आचल, वो आचल! तुयी चिठ्ठी आली पाहाय! पायानं चालत आली!"

"रंजीता, चूप बस!" लटारू ओरडला. पण त्यालाही हसू आवरेना. "मैत्रीण हाय तिची. सालभर चिडवून राह्यली, सराची चिठ्ठी आली का, सराची चिठ्ठी आली का. बसा नं, सर. आता जासान कुठी? गेली बस. परत सकारीच हाय."

आचल आली. सरांनी मनात जी मुलगी धरली होती तिच्याहून ती उंच होती आणि जास्त गप्प. तिनं पाण्याचा पेला पुढे केला. सर पाणी प्याले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

शेवटी तीच बोलली. "सर, मले वाटलं माया प्रश्नच येडा होता."

"नाही, नाही. प्रश्न चांगला होता," सर घाईनं म्हणाले. "इतका चांगला होता की... मला जमलं नाही."

आचल त्यांच्याकडे बघत राहिली. सरांना जमत नाही असंही असतं, हे तिला नवीन असावं. मग तिनं अंग थोडं सैल सोडलं आणि ती भिंतीला टेकून बसली.

"मी केलं होतं एक," ती म्हणाली.

"काय केलंस?"

"दोन गंज घेतले. भाताचे मोठे गंज असतात नं, थे. दोनीत तरावाचं पानी आन् सारखी सारखी बोटुकली, मासोरीची बारकी पिल्लं, टाकली. एकात कोंडा टाकला आन् तसाच ठेवला. दुसऱ्यात काईच नाई टाकलं, पन लोट्यानं पानी काढून काढून वरून सोडत राह्यली. उपाशी होती थे खालीच राह्यली. जेवलेली वर आली तोंड वासून."

सर पुढे सरकून बसले. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्याला सुचलं असतं तर त्यानं ते चौकटीत छापलं असतं. पण शिक्षकाची सवय जाईना. "इथं दोन गोष्टी एकदम बदलल्या ना. कोंडा आणि पाणी हलवणं."

"हव. थे मंग ध्यानात आलं," आचल लगेच म्हणाली. "म्हून दुसऱ्यांदा दोनीत कोंडा टाकला आन् एकाचंच पानी हालवलं. हालवलेल्यात वर नाई आली."

"मग मोठ्यांना सांगितलंस?"

"सांगतलं नं." लटारूनं जाळ्यातून डोकं न काढता उत्तर दिलं. "ढिवरांच्या सोसायटीच्या बैठकीत सांगतलं. अध्यक्ष भैयाजी हासले. गंजातली मासोरी आन् तरावातली मासोरी एक हाय का म्हने. मी का बोलू? आमच्या बापजाद्यांपासून हेच हाय, मासोरीनं तोंड वासलं का तिले भूक लागली. मांगच्या आठवड्यात तोंड वासलं तं आमी कोंडा टाकला, शेण टाकलं. तीन पोते गेले. आन् दुसऱ्या दिवशी हे." त्यानं पाळीपलीकडे हात केला.

उन्हाळ्यात तलाव आटून दोन डोह राहिले होते, एक मोठा आणि मधल्या गाळाच्या पट्ट्यापलीकडे एक बारका. मेलेल्या माशांचा वास अजून वाऱ्यावर होता. उरलेले मासे मोठ्या डोहात होते, आणि गावातल्या ढिवरांचं वर्ष त्यांच्यावरच अवलंबून होतं.

जेवताना सर्व कळलं. आचलनं अकरावीचा अर्ज रंजीतासोबत जवळच्या कॉलेजात आर्ट्सला भरला होता. मूल गावातल्या कॉलेजात सायन्स होतं, मार्कही पुरत होते. अर्ज बदलायला फक्त उद्याचाच दिवस उरला होता.

"मग बदल ना," सर म्हणाले.

"कायच्या भरवशावर बदलू?" आचल म्हणाली. "मी केलं थे खरं का खोटं, थेच मले ठाव नाई."

"खरं आहे. पुस्तकात तसंच आहे. रात्री पाण्यातल्या वनस्पती आणि बाकी सगळेच जीव प्राणवायू वापरतात, ऊन नसलं की नवा तयार होत नाही. कोंडा, शेण कुजलं की अजून कमी होतो. पहाटे सगळ्यात कमी. म्हणून मासे वरच्या थरातली हवा ओढायला येतात."

आचलनं सगळं ऐकून घेतलं. "पुस्तकात हाय, सर. आमच्या तरावात हाय का?"

सर उठून हात धुवायला गेले. ते रात्रभर बाजेवर उताणे पडून राहिले. पोरीला एवढंच हवं होतं, कोणीतरी म्हणावं की चल, पाहू. आणि तेच आपण म्हणू शकलो नव्हतो, कारण पाहिल्यावर आपलंच चूक निघालं तर, ही भीती.

उजाडायच्या आधीच लटारूच्या आरोळीनं ते उठले. "आली! मासोरी वर आली!"

पाळीवर सगळा मोहल्ला जमला होता. आभाळ कालच्यासारखंच दाबून आलेलं, वारा नावाला नाही. मोठ्या डोहाचं सगळं पाणी तोंडांनी भरलं होतं. हजारो गोल तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि त्यांचा बारीक पचपच आवाज कानाला लागत होता. सरांनी हे शेकडो वेळा शिकवलं होतं. पाहत पहिल्यांदाच होते.

सोसायटीचे अध्यक्ष भैयाजी कोंड्याची पोती घेऊन आले होते. पांढऱ्या मिशांचा, ठाम माणूस.

"टाका रे! उपाशी मरून राह्यली."

"टाकू नका!" आचल पोत्यासमोर उभी राहिली. "मांगच्या बारीले टाकला, तं काय झालं?"

"कमी टाकला म्हून झालं! बाजूले हो, पोट्टे. तुया गंजातला कारभार इथी नको."

"बाबा, तुमी तरी सांगा!"

लटारूनं गर्दीतल्या बायकोकडे पाहिलं, भैयाजीकडे पाहिलं, आणि दोघांकडे काही न मिळाल्यानं तो सरांकडे वळला. "सर, तुमी सांगा जी. तुमी शिकले-सवरले. टाकू का नको?"

पाळीवरची सगळी डोकी वळली. बहुधा, असावं, असं वाटतं, हे नेहमीचे शब्द सरांच्या जिभेवर रांगेत उभे राहिले. चूक निघाली तर या लोकांचं वर्ष बुडणार होतं. त्यांनी आचलकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती.

"कोंडा टाकू नका," सर म्हणाले. आवाज एवढा मोठा निघाला की त्यांनाच दचकायला झालं. "पाणी हलवा. वरून पाडा. पाण्यात हवा गेली पाहिजे."

"कितीक वेळ?" भैयाजींनी विचारलं.

"ते मला माहीत नाही."

"सांगून राह्यले तुमी, आन् तुमालेच माईत नाई?"

"मासोरी खाली जाईपर्यंत," आचल म्हणाली. "भूपेशभाऊ, तुमचं इंजिन!"

भूपेशचं डिझेल इंजिन पऱ्ह्याला पाणी द्यायला डोहाच्या कडेलाच बसवलेलं होतं. त्यानं भैयाजीकडे एकदा पाहिलं आणि दोरी ओढली. पाइपाचं तोंड वळवून पाणी उंचावरून परत डोहातच पाडलं. लटारूनं डोंगा सोडला आणि वल्ह्यानं पाणी झोडपायला सुरुवात केली. मग बायका उतरल्या, पोरं उतरली. रंजीता परकर खोचून पाण्यात शिरली आणि आचलवर ओंजळी उडवत ओरडली, "हे घे तुयं सायन्स!" हळूहळू सगळा डोह घुसळून निघाला.

भैयाजी मात्र हट्टाला पेटले. त्यांनी एक पोतं उचलून बारक्या डोहावर नेलं. तिथंही थोडे मासे तोंड वासून होते. "तुमी तुमचं करा. मी माया हातानं इथी टाकतो. मंग पाहू."

लटारू अडवायला धावला. पण आचलनं त्याचा हात धरला. "टाकू द्या, बाबा. पाहू."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. भैयाजी आपण होऊन तिचा कोंड्याचा गंज भरून देत होते, आणि ते सगळ्यांच्या आधी तिलाच समजलं होतं.

किती वेळ गेला कुणी पाहिलं नाही. ऊन काही पडलं नाही, आभाळ तसंच होतं. पण मोठ्या डोहातली तोंडं आधी विरळ झाली, मग इंजिनाच्या धारेभोवती गोळा झाली, आणि मग एकेक करून दिसेनाशी झाली. पाणी नुसतं पाणी दिसायला लागलं. लटारू डोंग्यात उभा राहिला आणि वल्हं हातात धरून खाली वाकून वाकून पाहू लागला.

"गेली?" पाळीवरून कोणीतरी विचारलं.

"गेली खाली," तो म्हणाला, आणि डोंग्यातच मटकन बसला.

बारक्या डोहात कोंडा तसाच तरंगत होता. माशांनी त्याला तोंड लावलं नव्हतं. तोंडं अजून उघडत होती, आणि दोन-चार मासे कुशीवर वळले होते. भैयाजींनी वाकून एक मासा सुलटा करून पाहिला. मग मागे वळून एकदम ओरडले, "भूपेश, अरे उभा काय राह्यला? पाइप इकडं आन नं! इथली मारतोस का?"

पाळीवर असा काही हशा पिकला की इंजिनाचा आवाज बुडाला. चंदाबाई डोळ्याला पदर लावून हसत होती आणि हसता हसता रडत होती. सर खाली चिखलातच बसले. धोतर भिजल्याचंही त्यांना भान नव्हतं.

सकाळच्या बसला आचल आणि लटारूही आले. मूलला जाऊन अर्ज बदलायचा होता. आचलच्या मांडीवर माळ्यावरून काढलेल्या पुस्तकांचं गाठोडं होतं. कॉलेजात पुस्तकं दाखवावी लागत नाहीत, असं सर म्हणाले, तरी तिनं ते सोडलं नाही.

"सायन्स घेऊन का करशील मंग?" लटारूनं खिडकीतून बाहेर पाहत विचारलं. विरोध म्हणून नव्हे, नुसतंच.

"आधी घेऊ तं द्या," आचल म्हणाली.

पोंभुर्ण्याला सर उतरायला उठले, तेव्हा ती म्हणाली, "सर, चिठ्ठीचं उत्तर राह्यलंच तुमचं."

"आता काय उत्तर? तू शोधलंस की."

"मंग दुसरं घ्या. मांगच्या बारीले एवढी मासोरी मेली, पन मरळ एकबी नाई मेली. काऊन? उत्तर सांगू नका. कसं पाहू थे लिहा. आन् लिहूनच पाठवा, रंजीताले दाखवाचं हाय."

कंडक्टरनं घंटी मारली. सर घाईनं उतरले.

घरी येऊन त्यांनी पाय धुतले आणि लिहायला बसले. लिहिताना कुठलंही पुस्तक काढलं नाही. 'प्रिय आचल, तुझं पत्र मिळालं' असं लिहून ते थांबले, मग पुढे गेले. काचेच्या दोन बरण्या घे, असं लिहिलं. एकीत मरळीचं पिल्लू, एकीत रोहूचं. पाणी सारखं, जागा सारखी. मग दोन्ही बरण्यांत एकच गोष्ट सारखीच बदलायची, ती कोणती हे तू ठरव. कोण किती वेळा वर येतं ते मोज, आणि दोघांनाही त्रास व्हायच्या आत परत तलावात सोड. मरळीबद्दल मला थोडं माहीत आहे, ते सांगत नाही. पण पाणी झोडपल्यावर हवा किती खोल जाते आणि किती वेळ टिकते, हे मला खरंच माहीत नाही. भैयाजींनी विचारलं होतं. ते तू शोधलंस तर मला कळव, मीही येऊन पाहीन.

मध्ये दोन ओळी खोडल्या होत्या, एका ठिकाणी शाई पसरली होती. एरवी त्यांनी ते पुन्हा स्वच्छ उतरून काढलं असतं, आणि उतरता उतरता ते राहून गेलं असतं. आज त्यांनी तसंच घडी करून पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट चिकटवलं आणि चप्पल घालून बाहेर पडले.

पोस्टाच्या लाल पेटीपाशी क्षणभर मनात आलं, 'तू ठरव' हे जरा जास्त तर होत नाही ना? तोवर पाकीट आत पडलं होतं.